कोळशातली रोझलिंड

रोझलिंड फ्रँकलिन हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल, पण बहुधा एकाच संदर्भात. डीएनएच्या रेणूचा दुहेरी पीळ उलगडण्यात जिचा मोठा वाटा होता आणि जिच्या वाट्याला नोबेल पारितोषिक आले नाही, ती ही शास्त्रज्ञ. ही हकीकत खरी आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगितली गेली पाहिजे. परंतु तिच्या आयुष्याचा तो जेमतेम सव्वादोन वर्षांचा तुकडा आहे. त्याआधीची सुमारे नऊ वर्षे ती कोळशाचा आणि कार्बनचा अभ्यास करीत होती आणि त्यानंतरची पाच वर्षे विषाणूंचा. तिच्या शोधनिबंधांची मोजदाद केली तर कोळसा व कार्बन यांवर १९, डीएनएवर ५ आणि विषाणूंवर २१ असा हिशेब लागतो. आपण मात्र पाचच आठवतो!

मित्रमैत्रिणींनो, मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. शास्त्रज्ञाचे चरित्र लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कुणी विचारील. अधिकार एवढाच, की माझे वडील माणिकपूरला इस्त्रीचे दुकान चालवतात आणि त्यांची इस्त्री अजून कोळशाची आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. वाचनालयात रोझलिंडचे चरित्र हाती आले ते डीएनएसाठी. पण त्यात कोळसा आला तेव्हा मी थांबले. ज्या वस्तूने बाबांचे हात काळे होतात, त्या वस्तूला एका थोर बुद्धीने आपल्या तारुण्याची नऊ वर्षे दिली, हे मला ठाऊक नव्हते. आणखी एक सांगते. या लेखात मी तिचा उल्लेख एकेरीच करणार आहे. सदतिसाव्या वर्षी गेलेली ही बाई मला दूरच्या गावी राहणाऱ्या थोरल्या बहिणीसारखी वाटते.

रोझलिंडचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमध्ये एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. पाच भावंडांत ती दुसरी. वडील एलिस फ्रँकलिन हे पेढीच्या व्यवसायात होते. पैशाची ददात नव्हती, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. गरिबीतून वर आलेल्यांच्या पंक्तीत तिला बसवता येणार नाही. पण तिच्या वडिलांची एक गोष्ट मला फार आवडली. दिवसभराचे काम आटोपून ते संध्याकाळी कामगारांच्या कॉलेजात शिकवायला जात. विजेचे आणि चुंबकाचे शास्त्र ते दिवसभर राबून आलेल्या माणसांना समजावून सांगत. ज्ञान कुणा एका वर्गाची मिरासदारी नाही, ही शिकवण रोझलिंडला घरातच मिळाली असली पाहिजे. जर्मनीत हिटलरचा अंमल सुरू झाल्यावर तिथून पळून आलेल्या निर्वासितांना या कुटुंबाने मदत केली.

लंडनच्या सेंट पॉल्स या मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र चांगले शिकवीत. त्या काळी मुलींच्या फार थोड्या शाळांत ही सोय होती. तिथून १९३८ साली ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाली. केंब्रिजसारखे नामांकित विद्यापीठ, पण तेव्हा तिथे मुली मुलांच्या बरोबरीने परीक्षा देत आणि पदवी मात्र त्यांना नावापुरतीच मिळे. मुलींना पूर्ण पदवी मिळायला १९४८ साल उजाडले. रोझलिंड १९४१ साली उत्तीर्ण झाली ती दुसऱ्या वर्गात. ही नोंद मी मुद्दाम करीत आहे. निकालाच्या दिवशी ज्यांची मने खट्टू होतात त्यांनी ती लक्षात ठेवावी.

पुढचे एक वर्ष तिने केंब्रिजमध्येच प्रा. नॉरिश यांच्या हाताखाली संशोधन केले. दोघांचे जमले नाही. नॉरिश पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. पण त्या वर्षाने रोझलिंडला फारसे काही दिले नाही. बाहेर महायुद्ध पेटले होते. युद्धाला उपयोगी पडेल असे काम तिला हवे होते. १९४२ साली कोळशाच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या एका ब्रिटिश संशोधन संस्थेत ती रुजू झाली. वय वर्षे बावीस. रात्री लंडनवर विमाने येत तेव्हा हवाई हल्ल्यापासून बचावाच्या स्वयंसेवकांत ती असे आणि दिवसा ती कोळसा तपाशी.

कोळशात तपासण्यासारखे काय आहे? हा प्रश्न मलाही पडला. कोळशाचा तुकडा हातात घेतला तर तो सलग वाटतो. वास्तविक त्याच्या अंगात असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. त्या किती आहेत आणि केवढ्या आहेत, हे डोळ्यांनी दिसत नाही. रोझलिंडने युक्ती केली ती अशी. कोळसा तिने वेगवेगळ्या वायूंत व द्रवांत ठेवला आणि त्याची घनता मोजली. हेलियमचा अणू फार लहान, म्हणून तो बारीकातल्या बारीक फटीतही शिरतो. मिथेनॉल, बेंझीन यांचे रेणू मोठे, त्यांना काही दारे बंद असतात. निरनिराळ्या मोजमापांतला फरक पाहून आतली घरे केवढी आणि त्यांची दारे केवढी याचा हिशेब मांडता येतो. तिला असे आढळले, की कोळशातील काही वाटा रेणूंच्या मापाएवढ्या अरुंद असतात. म्हणजे कोळसा ही एक चाळणीच झाली. लहान रेणूला आत घ्यायचे आणि मोठ्याला बाहेर ठेवायचे. विषारी वायूपासून बचाव करणारे मुखवटे कोळशाच्या या सच्छिद्र अंगावरच तर चालतात. याच कामावर १९४५ साली केंब्रिजने तिला डॉक्टरेट दिली.

हे वाचले त्या संध्याकाळी मी बाबांना दुकानात सगळे सांगितले. त्यांनी हेलियमची चौकशी केली नाही. पाटीतला एक तुकडा उचलून त्यांनी दुसऱ्यावर आपटला. खणखणीत वाजला तर कोळसा नीट भाजलेला, बदबद वाजला तर कच्चा आणि धूर करणारा, हे त्यांनी मला दाखवले. इस्त्रीत दगडी कोळसा का चालत नाही, लाकडीच का लागतो, तेही सांगितले. दगडी कोळशाच्या धुराने कपडे काळे पडतात. बाबांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. कोळशात फरक असतो हे त्यांना हाताने कळले होते. तो फरक का असतो, हे शोधायला रोझलिंड पुढे पॅरिसला गेली.

१९४७ च्या फेब्रुवारीत ती पॅरिसच्या एका सरकारी रासायनिक प्रयोगशाळेत दाखल झाली. तिथे जाक मेरिंग यांच्याकडून ती क्ष-किरणांच्या विवर्तनाची विद्या शिकली. अणू डोळ्यांना दिसत नाहीत आणि साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. परंतु एखाद्या पदार्थावर क्ष-किरणांचा झोत सोडला, तर त्यातील अणूंच्या रांगांवरून किरण ठरावीक दिशांना विखुरतात आणि फिल्मवर ठिपक्यांची किंवा वर्तुळांची नक्षी उमटते. त्या नक्षीवरून अणूंची मांडणी गणिताने मागे मागे जात काढायची. दाराबाहेर काढलेल्या चपलांवरून घरात कोण कोण आले आहे हे ताडण्यासारखेच हे काम आहे; फक्त चपला कोट्यवधी असतात!

शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच. त्यात कार्बनचे अणू षटकोनांच्या जाळीत बसलेले असतात आणि अशा जाळ्या पत्त्यांच्या कॅटप्रमाणे एकीवर एक रचलेल्या असतात. दोन जाळ्यांमधले अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांशावा भाग. कोळशातही याच जाळ्या असतात, पण लहान लहान आणि विस्कटलेल्या. पत्ते पिसताना हातून निसटून पडावेत तशा. प्रश्न असा होता, की कोळसा खूप तापवला तर हे पत्ते नीट रचले जातात का? म्हणजे कोळशाचे ग्रॅफाइट होते का?

रोझलिंडने निरनिराळ्या पदार्थांपासून कोळसे केले आणि ते १००० पासून ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले. लोखंड १५३८ अंशांना वितळते, यावरून त्या उष्णतेची कल्पना यावी. प्रत्येक नमुन्याची तिने क्ष-किरणांनी तपासणी केली. निष्कर्ष असा निघाला, की कार्बनची दोन कुळे आहेत. एका कुळातले कार्बन तापवत गेले की त्यांच्या जाळ्या सरळ होतात, जवळ येतात, मोठ्या होतात आणि शेवटी ग्रॅफाइट तयार होते. डांबरापासून आणि पेट्रोलियमपासून मिळणारा कोक या कुळातला. दुसऱ्या कुळातले कार्बन ३००० अंशांनाही ऐकत नाहीत. ते कठीण आणि सच्छिद्र राहतात. साखर जाळून केलेला कोळसा या कुळातला. गंमत म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने सख्खी भावंडे वाटावीत अशी दोन प्लॅस्टिके तिने घेतली. एक पाण्याच्या नळांचे पीव्हीसी आणि दुसरे त्याच्याच जातीचे, अधिक क्लोरीन असलेले. पहिल्याचा कोळसा ग्रॅफाइट झाला, दुसऱ्याचा झाला नाही!

कारण तिने पहिल्या अवस्थेत शोधले. ज्या पदार्थात हायड्रोजन भरपूर असतो तो तापताना आधी मऊ पडतो. त्याच्या जाळ्यांना हलायला, एकमेकींशेजारी समांतर बसायला अवसर मिळतो. ज्यात हायड्रोजन कमी किंवा प्राणवायू जास्त, त्यात कमी तापमानालाच जाळ्यांमध्ये आडवेतिडवे घट्ट सांधे जुळतात. मग भट्टी कितीही पेटवा, त्या जागच्या हलत नाहीत. लाकडी कोळसा कधी वितळत नाही, त्यात झाडाच्या रेषासुद्धा तशाच दिसतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्याचा अर्थ मला इथे कळला. १९५१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले. कार्बनच्या अभ्यासात तिने केलेली ही विभागणी आजही धरली जाते. सोडियमच्या बॅटऱ्यांत वापरतात तो कठीण कार्बन तिच्या दुसऱ्या कुळातलाच होय.

पॅरिसमध्ये ती रमली होती. तिथले मोकळे वातावरण, जेवणाच्या टेबलावरचे वाद, सुट्टीतले डोंगर हे सारे तिला मानवले होते. तरीही १९५१ च्या जानेवारीत ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली. तिथले प्रमुख रँडल यांनी तिच्याकडे डीएनएचे काम सोपवले. मॉरिस विल्किन्स त्याच विषयावर आधीपासून काम करीत होते. काम नेमके कुणाचे, हे दोघांना सारखे सांगितले गेले नाही. त्यातून जी अढी बसली ती अखेरपर्यंत सुटली नाही.

काम मात्र तिने चोख केले. डीएनएचे दोन प्रकार असतात, एक कोरडा आणि एक ओलसर, हे तिने व तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग याने वेगळे करून दाखवले. १९५२ च्या मे महिन्यात त्यांनी ओलसर प्रकाराचे एक छायाचित्र मिळवले. ५१ क्रमांकाचे हे छायाचित्र पुढे जगप्रसिद्ध झाले. त्यातली फुलीसारखी नक्षी पाहिली की जाणकाराला पीळ दिसतो. १९५३ च्या जानेवारीत विल्किन्स यांनी ते जेम्स वॉटसन यांना दाखवले. रोझलिंडला याची कल्पना नव्हती. तिची मोजमापे असलेला एक अहवालही वॉटसन आणि क्रिक यांच्या हाती पोचला. त्यांनी प्रतिकृती जुळवली. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये तीन लेख एकामागोमाग आले आणि त्यांत रोझलिंडचा लेख तिसरा होता. वाचणाऱ्याला वाटावे, की हिने नुसता दुजोरा दिला.

इथे माझे रक्त तापले, हे कबूल करते. तिला मात्र थांबायला वेळ नव्हता. मार्चमध्येच ती बर्कबेक कॉलेजात गेली होती. हे कॉलेज दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणाऱ्यांचे. वडिलांच्या कामगार कॉलेजची आठवण तिला तिथे झाली असेल का? प्रयोगशाळा जुनाट घरात होती. प्रमुख होते जे. डी. बर्नाल. १९२४ साली ग्रॅफाइटची रचना उलगडून दाखवणारे ते हेच बर्नाल!

तिथे तिने तंबाखूच्या पानावरचा विषाणू हाती घेतला. आपल्या वसईच्या वाड्यांत भेंडीवर केवडा पडतो आणि पाने पिवळी चितकबरी होतात. तंबाखूच्या पानांचेही असेच काहीसे होते. हा विषाणू म्हणजे सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड अशी काठी. एक नॅनोमीटर म्हणजे दहा अँगस्ट्रॉम. रोझलिंड आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ही काठी भरीव नसून पोकळ नळी आहे. प्रथिनांचे सारखे घटक चक्री जिन्याच्या पायऱ्यांसारखे रचलेले असतात, दर तीन वेढ्यांत ४९ पायऱ्या, आणि रोगाचा निरोप वाहणारा आरएनएचा धागा त्या भिंतीतच गुंफलेला असतो.

१९५६ साली तिला बीजाशयाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया झाल्या. मधल्या बऱ्या दिवसांत ती प्रयोगशाळेत येत राहिली आणि पोलिओच्या विषाणूवरचे कामही तिने सुरू केले. १६ एप्रिल १९५८ रोजी ती गेली. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचे जागतिक प्रदर्शन उघडले. तिथे मांडलेली विषाणूची भली मोठी प्रतिकृती तिच्या देखरेखीखाली तयार झाली होती. ती पाहायला ती नव्हती. १९६२ साली वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल मिळाले. मृतांना ते देत नाहीत. १९८२ साली तिचे सहकारी आरन क्लुग यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. विषाणूंच्या ज्या वाटेने ते गेले तिच्यावर त्यांना आणले होते रोझलिंडनेच.

आता पुन्हा कार्बनकडे वळते, कारण त्याची गोष्ट तिच्याबरोबर संपली नाही. १९९१ साली जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कार्बनच्या काजळीत अतिसूक्ष्म नळ्या पाहिल्या. ग्रॅफाइटची जाळी गुंडाळून नळी करावी, तशा. पोकळ तंतूंची छायाचित्रे रशियन संशोधकांनी १९५२ मध्येच प्रसिद्ध केली होती. इजिमांनी त्यांची अणूरचना उलगडली. एकाच जाळीची नळी असेल तर तिची जाडी नॅनोमीटरभर, म्हणजे विषाणूच्या काठीपेक्षाही कितीतरी बारीक. या नळ्या वाढवण्याची एक रीत अशी आहे. भट्टीत लोखंडाचे सूक्ष्म कण ठेवायचे, ७०० ते ९०० अंशांना कार्बनयुक्त वाफ त्यांवरून सोडायची. वाफ फुटते, कार्बन कणात विरघळतो आणि कणातून नळी उगवू लागते. आपल्या पवईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शेरॉन यांच्या प्रयोगशाळेत ही वाफ कापराची घेऊन काम झाले. देव्हाऱ्यातला कापूर! तो सहज वाफ होतो, स्वस्त आहे आणि झाडापासून मिळतो.

नळी वाढली तरी प्रश्न उरतोच. जाळी सरळ गुंडाळली आहे की तिरपी? एवढ्या फरकावर नळी धातूसारखी वीज वाहील की अर्धवाहक होईल, हे ठरते. ते ओळखण्यासाठी नळीवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून विवर्तनाची नक्षी पाहतात. आणि ती नक्षी वाचण्याचे जे गणित, त्याचा पाया १९५२ साली पिळाच्या रेणूंसाठी घातला गेला होता. डीएनए आणि विषाणू यांचे फोटो ज्या गणिताने वाचले तेच ते. कार्बनच्या नळ्या रोझलिंडने पाहिल्या नव्हत्या आणि त्यांचे श्रेय तिला देणे बरोबर नाही. तरीपण कार्बनची जाळी, पोकळ नळी आणि पीळ या तीनही गोष्टींवर तिने आयुष्यभर काम केले होते, आणि त्या तीनही इथे एकत्र आल्या आहेत.

आमच्या नात्यात मुलीच्या शिक्षणाचा हिशेब नोकरीत करतात. बी. ए. करून काय मिळणार, हे मला वर्षातून चार वेळा तरी विचारले जाते. विज्ञान शाखेच्या शिकवणीचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून मी कला शाखेत आले. ते विज्ञान माझ्यापुरते संपले, असे मी धरून चालले होते. रोझलिंडच्या चरित्राने मला एवढे दिले, की समजून घेण्याचा रस्ता कुणी बंद केलेला नाही. तिच्या वडिलांच्या वर्गात बसणारे कामगार शास्त्रज्ञ झाले नसतील, पण रात्री घरी जाताना आपल्या हाताखालच्या यंत्रात काय चालते हे त्यांना ठाऊक असे.

तिच्यावर अन्याय झाला. पण तिला केवळ अन्याय झालेली म्हणून आठवणे हाही तिच्यावर अन्यायच. लंडनमध्ये विल्सडेनच्या ज्यू दफनभूमीत तिची कबर आहे. तिच्यावरच्या मजकुरात ती शास्त्रज्ञ होती आणि तिच्या विषाणूंवरील शोधांचा मानवजातीला कायमचा लाभ झाला, अशा अर्थाचे शब्द आहेत. त्यात डीएनएचे नाव नाही. कोळशाचेही नाही. कोळशाचे काम आपण लक्षात ठेवू या.